‘नववं चालू आहे’ : ‘ओल्ड बेली ऑनलाइन’ या विनामूल्य न्यायालयीन दप्तराविषयी एका निवृत्त लघुलेखकाचा अभिप्राय

लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयात १६७४ पासून १९१३ पर्यंत चाललेल्या खटल्यांचे छापील वृत्तान्त ‘ओल्ड बेली ऑनलाइन’ या नावाने इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात, ही गोष्ट मला निवृत्तीनंतर तीन वर्षांनी माझ्या नातीकडून कळली. ती छत्रपती संभाजीनगरला कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बालगुन्हेगारीवर निबंध लिहायचा म्हणून ती दिवाळीच्या सुट्टीत अंबाजोगाईला आली, तेव्हा “आबा, तुम्ही आयुष्यभर साक्षी उतरवून घेतल्या, ही एक वाचा,” असे म्हणून तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. ती साक्ष १० डिसेंबर १७८३ ची होती आणि आरोपीचे नाव जॉन हडसन असे होते. त्यानंतरचे जवळजवळ दोन महिने मी ही सेवा रोज दुपारी वापरली. मी मराठवाड्यातील निरनिराळ्या न्यायालयांत चौतीस वर्षे लघुलेखक म्हणून काम केले असल्यामुळे हा अभिप्राय इतिहासाच्या अभ्यासकाचा नाही. दुसऱ्याचे बोलणे कागदावर उतरवणाऱ्या कारकुनाचा आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रथम सेवेचे स्वरूप सांगतो. येथे १,९७,००० हून अधिक खटले आहेत. आरोपीचे नाव, गुन्ह्याचा प्रकार, निकाल, शिक्षा आणि वर्ष यांपैकी काहीही टाकून शोध घेता येतो, आणि नुसता एखादा शब्द टाकला तरी तो ज्या ज्या साक्षीत आला असेल त्या साक्षी समोर येतात. नोंदणी करावी लागत नाही, शुल्क द्यावे लागत नाही. पहिला टप्पा २००३ मध्ये खुला झाला, १९१३ पर्यंतचे खटले २००८ मध्ये पूर्ण झाले, आणि हे काम हर्टफर्डशायर, शेफील्ड व ओपन युनिव्हर्सिटी या ब्रिटनमधील विद्यापीठांच्या प्राध्यापकांनी केले आहे. १८३४ पर्यंतचा मजकूर दोन टंकलेखकांनी एकमेकांना न विचारता स्वतंत्रपणे टंकलिखित केला, नंतर संगणकाने दोन्ही प्रती ताडून पाहिल्या आणि जेथे फरक पडला तेथे मूळ पान पाहून दुरुस्ती केली, असे तेथे नमूद आहे. आमच्या काळी एकच प्रत टंकून होत असे आणि ती ताडून पाहण्याचे काम आम्हीच डोळे चोळत करत असू, त्यामुळे ही पद्धत वाचून माझा या दप्तरावरचा विश्वास एकदम वाढला. शंका आलीच तर प्रत्येक खटल्यासोबत मूळ छापील पानाचे छायाचित्रही पाहता येते.

आता हडसनच्या खटल्याकडे येतो, कारण ही सेवा किती मोलाची आहे हे त्या एका खटल्यावरून जितके कळते तितके साऱ्या आकडेवारीवरून कळत नाही. आरोप असा होता की, १० ऑक्टोबर १७८३ च्या रात्री एक वाजता त्याने विल्यम होल्डस्वर्थ नावाच्या गृहस्थाचे घर फोडून एक लिननचा सदरा, पाच रेशमी मोजे, एक पिस्तूल आणि दोन ॲप्रन चोरले. दोषारोपात प्रत्येक वस्तूची किंमत दिलेली आहे : सदरा दहा शिलिंग, मोजे पाच, पिस्तूल पाच आणि ॲप्रन दोन, म्हणजे एकूण बावीस शिलिंग. मुद्देमालाची अशी तपशीलवार यादी वाचताना मला आमच्या न्यायालयातील मुद्देमाल पावत्याच आठवल्या, ज्यांत ‘एक जुनी वापरती पितळी घागर, किंमत अंदाजे अमुक’ असे लिहिलेले असे.

फिर्यादी बाजूचा पुरावा चांगला आहे. खिडकीतून कोणीतरी आत घसरत उतरल्यासारख्या पायाच्या बोटांच्या खुणा काचेच्या आतल्या बाजूला होत्या, टेबलावर काजळीचे ठसे होते, आणि एका साक्षीदाराने टेबलावरच्या पावलाचा व बोटांचा ठसा होईल तितक्या बारकाईने कागदावर उतरवून घेतला होता. फॉरेन्सिक प्रयोगशाळा हा शब्दही जन्माला आला नव्हता अशा काळात एका सामान्य माणसाने केलेला हा पंचनामा मी तीन वेळा वाचला. आमच्याकडे किती पंचनामे ‘पंचांसमक्ष पाहणी केली असता संशयास्पद काही आढळले नाही’ एवढ्यावर आटोपले जात, हे मी येथे लिहीत नाही.

यानंतर न्यायालय आरोपीला प्रश्न विचारते. मी ते मराठीत देतो. वय काय? “नववं चालू आहे.” कोणता धंदा शिकलास? “काही नाही, कधीमधी धुराडी साफ करतो.” आईबाप आहेत का? “मेले.” केव्हा? “ठाऊक नाही.”

पहिल्या उत्तराविषयी थोडे सांगतो, कारण तेथे मराठी माणसाला इंग्रजी वाचकापेक्षा काकणभर अधिक कळते असे मला वाटते. हडसनचा उल्लेख सर्वत्र ‘नऊ वर्षांचा चोर’ असा होतो. पण त्याचे मूळ शब्द आपल्या ‘नववं चालू आहे’ किंवा ‘नववं लागलंय’ या बोलण्याच्या अगदी जवळचे आहेत. आपल्या गावात म्हातारी जेव्हा नातवाला नववं चालू असल्याचे सांगते तेव्हा त्याला आठ पूर्ण झालेली असतात, नऊ नाहीत. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी हा मुलगा कदाचित साडेआठ वर्षांचाही नसेल. तेव्हाच्या इंग्लंडात सात वर्षांखालील मुलाला गुन्हेगार धरत नसत. सात ते चौदा या वयात समज आहे की नाही हे पाहावे लागे. आपल्या जुन्या भारतीय दंडसंहितेची कलमे ८२ आणि ८३ त्याच विचारातून आली, फक्त चौदाऐवजी बारा वर्षे ठरली. वकील मंडळी ही कलमे तोंडपाठ म्हणतात. त्यांच्यामागे उभे असलेले एक काजळीने माखलेले पोर मात्र मला पहिल्यांदाच दिसले.

येथे माझ्या धंद्यातील एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आपल्या फौजदारी प्रक्रियेत सत्र न्यायालयातील साक्ष सामान्यतः कथनरूपाने उतरवली जाते. प्रश्न आणि उत्तर जसेच्या तसे लिहायचे की नाही हे न्यायाधीशांच्या विवेकावर असते. त्यामुळे प्रत्यक्षात साक्षीदार बोलतो एक आणि कागदावर येते दुसरे. हडसनची पेशी माझ्यासमोर झाली असती तर मी पुढीलप्रमाणे टंकले असते : ‘मला नववे वर्ष चालू आहे. मी कोणताही धंदा शिकलेलो नाही. मी प्रसंगी धुराडी साफ करतो. माझे आईवडील मयत आहेत. ते केव्हा मयत झाले हे मला माहीत नाही.’ यात एकही शब्द खोटा नाही, आणि तरीही मुलगा त्यातून नाहीसा झाला आहे. ‘मेले’ या एका शब्दाचे ‘मयत आहेत’ झाले की ते पोर बोलायचे थांबते आणि कारकून बोलू लागतो. मी चौतीस वर्षे हेच केले, नियमाप्रमाणे केले, आणि या सेवेतील एका पानाने मला ते पहिल्यांदा टोचले. १७८३ च्या या वृत्तान्तावर ‘ई. हॉजसन यांनी लघुलिपीत उतरवून घेतले’ असा निर्देश आहे. त्या हॉजसनने प्रश्न ठेवला, उत्तर ठेवले, आणि दोहोंच्या मध्ये स्वतः आला नाही. आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी देता येत नाही.

मराठवाड्यात तर भाषेचा पडदा आणखी एकाने वाढलेला होता. १८८४ पासून हैदराबाद संस्थानाची राजभाषा उर्दू होती; बीड-परभणीचा शेतकरी मराठीत बोले आणि त्याची शहादत उर्दूत लिहिली जाई. स्वतःच्याच तोंडचे शब्द त्याला स्वतः वाचता येत नसत; अंगठा मात्र त्याचा असे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका न्यायालयाच्या अभिलेख कक्षात अशा उर्दू मिसलींचे, म्हणजे खटल्यांच्या कागदांचे, गठ्ठे मी पाहिले होते. लाल कापडात बांधलेले, वाळवीने कडा खाल्लेले. त्यांतील दोन ओळी वाचून दाखवणारा एक वयस्क कारकून होता, तो निवृत्त झाल्यावर तेही संपले. ओल्ड बेलीच्या दप्तरात कोणतेही नाव तीन सेकंदांत सापडताना पाहिले की मला ते गठ्ठे आठवतात, आणि सेवेचे कौतुक करताना थोडे वाईटही वाटते.

हडसनच्या निकालाचा भाग वकिलांनी मुद्दाम वाचावा. न्यायाधीश ज्यूरीला सांगतात की मुलाची कबुली विचारात घेतली तरी हातचे राखूनच घेतली पाहिजे, कारण ती भीतीपोटी दिलेली आहे. शिवाय तिच्यावरून फार तर तो घरात होता एवढेच सिद्ध होते, आणि चोरी सकाळी आठला उघडकीस आली असल्यामुळे तो उजाडल्यावरही आत शिरलेला असू शकेल. रात्रीची घरफोडी हा फाशीचा गुन्हा होता, साधी चोरी हा त्याहून कमी. आपल्या १८७२ च्या पुरावा अधिनियमाचे चोविसावे कलम, ज्यात धाकदपटशाने मिळवलेली कबुली बाद ठरत असे, ते तयार व्हायला अजून एकोणनव्वद वर्षे होती. पण त्यातला विचार येथे चालता-बोलता दिसतो. ज्यूरीने चोरीपुरते दोषी धरले, घरफोडीतून सोडले. न्यायाधीश असेही म्हणतात की अशा मुलाला शक्य असेल तर विनाशातून ओढून काढावे असे कोणालाही वाटेल. कारण तो पुन्हा त्याच आयुष्याकडे वळेल आणि घरे लुटण्यासाठी अशा पोरांचा उपयोग करून घेणाऱ्या दुष्ट लोकांच्या हातचे हत्यार होईल. मग शिक्षा येते : सात वर्षे समुद्रापार रवानगी. येथे मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ ओसरीवर बसलो होतो. जो न्यायाधीश पोराच्या कबुलीवर विश्वास ठेवायला कचरतो आणि त्याला फासापासून वाचवतो, तोच दयेच्या ओघात त्याला जगाच्या दुसऱ्या टोकाला पाठवतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच पानावर, एकाच आवाजात आहेत.

शिक्षेच्या या प्रकाराची ओळख करून देणारे स्वतंत्र लेख या सेवेत आहेत आणि ते सोप्या इंग्रजीत आहेत. १७१८ च्या कायद्याने ही शिक्षा नेहमीची झाली आणि अमेरिकेतील वसाहतींनी बंड करेपर्यंत सुमारे पन्नास हजार कैदी तिकडे गेले. १७७६ नंतर तो मार्ग बंद झाल्यामुळे कैद्यांना टेम्स नदीवर आणि बंदरांत नांगरलेल्या मोडक्या जहाजांत कोंडू लागले. अखेर १३ मे १७८७ रोजी अकरा जहाजांचा पहिला ताफा पोर्ट्समथहून निघाला आणि २६ जानेवारी १७८८ रोजी सिडनीच्या खाडीत उतरला. १८६८ मध्ये ही वाहतूक थांबेपर्यंत ऑस्ट्रेलियात १,६०,००० हून अधिक कैदी पाठवले गेले होते. त्यांतील बहुसंख्य चोर होते. दरोडेखोर नव्हेत, चोर. कोणी रुमाल, कोणी चमचा, कोणी कापडाचा ठाण उचललेला.

आपल्याकडे ‘काळे पाणी’ म्हटले की क्रांतिकारक डोळ्यांपुढे येतात आणि ते योग्यच आहे. परंतु १० मार्च १८५८ रोजी दोनशे कैदी घेऊन पहिले जहाज अंदमानात पोहोचल्यापासून तेथे गेलेल्यांत राजकीय कैदी फार थोडे होते, सामान्य गुन्हेगारच अधिक होते. त्याआधीही ईस्ट इंडिया कंपनी हिंदुस्थानातील कैद्यांना बेंकुलेन, पिनांग, सिंगापूर आणि मॉरिशस येथे रस्ते बांधायला पाठवत होती. दंडसंहितेचे पंचाहत्तरावे कलम तर असे होते की तीन वर्षे शिक्षेच्या चोरीत एकदा दोषी ठरलेला माणूस पुन्हा तशाच गुन्ह्यात सापडला तर त्याला जन्मभर काळे पाणी देता येत असे. म्हणजे दोन चोऱ्या आणि समुद्र. ही शिक्षा कायद्याच्या पुस्तकातून १९५५ च्या दुरुस्तीने गेली आणि तिच्या जागी ‘आजीव कारावास’ हे शब्द आले. आज आमच्या भागातील भुरट्या चोराला फार तर तडीपार करतात. तो बीड जिल्ह्यातून निघतो आणि लातूरला मावशीकडे जाऊन राहतो, दोन वर्षांच्या आत परत येतो. दंडसंहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तर पाच हजार रुपयांखालील पहिल्या चोरीला, मुद्देमाल परत केला असल्यास, समाजसेवेची शिक्षा आहे. हडसनचे बावीस शिलिंग या तराजूत टाकून पाहण्याचा मोह नातीच्या निबंधाला आवरला नाही, आणि मीही तो खोडायला लावला नाही.

आता तक्रारी. पहिली तक्रार शोधाविषयी आहे. नावे त्या काळी कानावर पडतील तशी लिहिली जात, त्यामुळे एकाच माणसाची तीन स्पेलिंगे आढळतात आणि उलट एकाच नावाची अनेक माणसे निघतात. जॉन हडसन या नावाने शोध घेतल्यावर वर्ष टाकले नाही तर भलतीच माणसे पुढे उभी राहतात. उपाय असा की खटल्याची तारीख ठाऊक असेल तर तीच टाकावी. प्रत्येक खटल्याला दिलेल्या क्रमांकात वर्ष, महिना आणि दिवस सलग लिहिलेले असतात, त्यामुळे आमच्या ‘सत्र खटला क्रमांक अमुक सन अमुक’ यापेक्षा तो क्रमांक अधिक बोलका आहे.

दुसरी तक्रार भाषेची. अठराव्या शतकातील इंग्रजी आपल्या पदवीधरालाही जड जाते. मूळ पानाचे छायाचित्र उघडले तर ‘एस’ हे अक्षर जागोजागी ‘एफ’सारखे दिसते, ही तेव्हाची छपाईची रीत होती; टंकलिखित मजकुरात मात्र ते नीट केलेले आहे. सुरुवातीला टंकलिखित मजकूर वाचावा आणि मग छायाचित्राकडे जावे. मोबाइलवर मजकूर बरा वाचता येतो, छायाचित्र वाचता येत नाही. आमच्याकडे दुपारी वीज जाते तेव्हा नेटही जाते, त्यामुळे जे पान हवे ते लगेच उतरवून ठेवावे, हा अनुभवाचा सल्ला.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणून नव्हे, सावधगिरी म्हणून सांगतो. हे वृत्तान्त म्हणजे न्यायालयाचे अधिकृत दप्तर नव्हे. ते छापून विकले जात असत. प्रकाशक लोकांना रुचेल ते विस्ताराने छापत आणि कंटाळवाणे वाटेल ते एका ओळीत उडवत. १७७८ पासून लंडन शहराच्या कारभाऱ्यांनी ‘खरा, न्याय्य आणि संपूर्ण वृत्तान्त’ द्यावा अशी अट घातली तेव्हा मजकूर वाढला. तरीही आरोपीचा बचाव अनेक ठिकाणी गाळलेला आहे आणि लैंगिक गुन्ह्यांच्या साक्षी पुढे छापेनाशा झाल्या. सेवा चालवणाऱ्यांनी हे सगळे स्वतःहून लिहून ठेवले आहे, यासाठी त्यांना गुण द्यावे लागतील. शेकडो खटले असे आहेत की चोरी, नाव, निकाल आणि शिक्षा एवढ्या चार गोष्टी तीन ओळींत संपतात आणि एक माणूस जहाजावर चढतो. हडसन नशीबवान, म्हणून त्याला चार उत्तरे मिळाली.

मेरी वेड या मुलीच्या बाबतीत थोडे अधिक हाती लागते. जानेवारी १७८९ मध्ये अकरा वर्षांच्या मेरीवर आणि तिच्या चौदा वर्षांच्या साथीदार मुलीवर खटला चालला. एका लहान मुलीच्या अंगावरचा झगा, टोपी आणि गळ्यातील वस्त्र त्यांनी काढून घेतले होते आणि झगा गहाण टाकला होता. दोघींना फाशी सुनावली गेली. पुढे ती शिक्षा समुद्रापार रवानगीत बदलली, १७९० मध्ये ‘लेडी ज्युलियाना’ जहाजाने मेरी सिडनीला पोहोचली, आणि १८५९ मध्ये ती तिकडेच वारली तेव्हा तिचा वंशविस्तार मोठा झालेला होता. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान केव्हिन रड तिच्याच वंशातले. नातीला ही गोष्ट अधिक आवडली, कारण तिला शेवट आहे. मला हडसनचीच अधिक जवळची वाटते.

ओल्ड बेली ऑनलाइन शिक्षा सुनावून थांबते. पुढे कैद्याचे काय झाले हे पाहण्यासाठी २०१७ मध्ये सुरू झालेली ‘डिजिटल पॅनॉप्टिकॉन’ ही दुसरी विनामूल्य सेवा आहे. तीत ओल्ड बेलीत दोषी ठरलेल्या सुमारे ९०,००० माणसांच्या तुरुंग, जहाज, जनगणना अशा सुमारे पन्नास प्रकारच्या नोंदी संगणकाने एकमेकींना जोडलेल्या आहेत. कल्पना मोठी आहे, परंतु जोडणी नाव, वय व तारखा यांच्या सारखेपणावरून केलेली असल्यामुळे कधी दोन वेगळी माणसे एकत्र गुंफली जाण्याची शक्यता राहते, आणि हेही ते मोकळेपणाने सांगतात. पहिल्या सेवेइतकी ती मला सरळ वाटली नाही. आकृत्या व आलेखांचा पसारा अधिक आहे. वंशावळ शोधणाऱ्याला ती लाभेल. मला साक्षी वाचायच्या होत्या, म्हणून मी पुन्हा पहिलीकडे वळलो.

हडसनचा पुढचा प्रवास मी प्रकाशित अभ्यासांवरून जुळवला. १७८४ मध्ये त्याला अमेरिकेकडे जाणाऱ्या ‘मर्क्युरी’ जहाजावर चढवले. कैद्यांनी बंड करून जहाज ताब्यात घेतले, किनाऱ्याला लावले, आणि तो पुन्हा पकडला गेला. मग प्लिमथजवळील ‘डंकर्क’ या तरंगत्या तुरुंगात त्याने तीन वर्षे काढली. पहिल्या ताफ्यातील ‘फ्रेंडशिप’ जहाजाने तो ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सला पोहोचला तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. ताफ्यातील पुरुष कैद्यांत सर्वांत लहान. १७९० मध्ये त्याला नॉरफोक बेटावर हलवले. फेब्रुवारी १७९१ मध्ये रात्री नऊनंतर झोपडीबाहेर आढळल्याबद्दल त्याला पन्नास फटके मारल्याची नोंद आहे.

येथे कारकुनाची सवय आडवी येते आणि मी तारखा मोजतो. डिसेंबर १७८३ ची सात वर्षे डिसेंबर १७९० मध्ये पुरी होतात. म्हणजे फटके बसले त्या रात्री त्याची शिक्षा संपून दोन महिने उलटले होते. पहिल्या ताफ्यासोबत कैद्यांच्या शिक्षेचे कागद पाठवलेच गेले नव्हते, त्यामुळे ‘माझी मुदत संपली’ असे म्हणणाऱ्या कैद्याजवळ ते दाखवायला काही नव्हते आणि गव्हर्नरजवळ ते पडताळायला काही नव्हते. निकालाची नक्कल कैद्यासोबत जायला हवी, हे आमच्याकडे शिपायालाही ठाऊक असते. नक्कल नसेल तर तुरुंगाधिकारी कैदी आत घेत नाही आणि गाडी परत येते. लंडनमध्ये हॉजसनने त्या पोराचा शब्द न् शब्द उतरवला, तो छापला गेला, विकला गेला, अडीचशे वर्षांनी अंबाजोगाईत वाचला गेला, आणि ज्या बेटावर त्याची गरज होती तेथे तो कधी पोहोचलाच नाही.

सेवेला पाचपैकी साडेचार गुण देतो; अर्धा गुण शोधातील त्रासासाठी कापला आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी, वकिलांनी आणि विशेषतः लघुलेखनाची परीक्षा देणाऱ्यांनी ती अवश्य वापरावी. सुरुवात करणाऱ्याने तारखेच्या रकान्यात १० डिसेंबर १७८३ टाकून हडसनचाच खटला उघडावा. आधी टंकलिखित मजकूर आणि मग मूळ पान, असे वाचावे, आणि न्यायालयाचे चार प्रश्न येतात तेथे उत्तरे स्वतःच्या हाताने मराठीत लिहून पाहावीत. ‘मेले’च्या जागी मला सवयीने दोनदा ‘मयत’ लिहिले गेले.